वैनगंगेची पातळी, आठ बाइट आणि पायथनचा हलका सर्व्हर

कारधा पुलाजवळ वैनगंगेची इशारा पातळी २४५ मीटर आणि धोका पातळी २४५.५० मीटर धरली जाते. पावसाळ्यात हे दोन आकडे भंडाऱ्यात नदीकाठी राहणाऱ्यांना पाठ असतात. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून किती पाणी सुटलं, धापेवाडा बॅरेजवर काय स्थिती आहे, गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाज्यांपैकी किती उघडले, हे प्रश्न मग चहाच्या टपरीपासून तहसील कार्यालयापर्यंत सगळीकडे विचारले जातात. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाचं पाणी भंडारा शहरात आणि पुढे पवनी, लाखांदूरकडे शिरलं, तेव्हापासून तर या आकड्यांकडे कुणी सहज म्हणून बघत नाही.

आकडे मिळत नाहीत अशातला भाग नाही. प्रशासन पत्रकं काढतं, केंद्रीय जल आयोग पूर-अंदाज देतो, २०२३ पासून आयोगाचं ‘फ्लडवॉच’ हे मोबाइल ॲपही आहे. अडचण पुढच्या टप्प्यात येते. पत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर पडतो, वेळ कापली जाते आणि सकाळचा आकडा रात्री ताजा म्हणून फिरतो. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या हौशी अभियंत्याच्या किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पोरांच्या मनात हमखास येतं, की एक साधं पान करावं, ते उघडं ठेवलं की आकडा आपोआप बदलत राहील. पायथन येतंच, सर्व्हर हलका हवा, कारण खिसाही हलका. वेबसॉकेट वापरू या, असं ठरतं. आणि मग पर्यायांच्या जंगलात वाट चुकते.

या लेखात त्या जंगलाचीच पाहणी करायची आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. सर्व्हर किती ओळींचा आहे यावर त्याचा हलकेपणा ठरत नाही. मंद झालेलं किंवा मेलेलं गिऱ्हाईक तो किती स्वस्तात सांभाळतो, यावर ठरतो. पुराच्या रात्री नेमकं तेच पुढ्यात येतं.

वेबसॉकेटच्या आधी ब्राउझरपाशी मागत राहण्यावाचून इलाज नव्हता. पान दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारणार, बदललं का? दोन हजार लोकांनी पान उघडं ठेवलं तर सेकंदाला चारशे विनंत्या, आणि जवळजवळ सगळ्यांना उत्तर एकच, नाही बदललं. प्रत्येक विनंतीसोबत काहीशे बाइटचे हेडर येतात-जातात. नंतर ‘लाँग पोलिंग’ची युक्ती आली. विनंती घ्यायची आणि सांगण्यासारखं काही घडेपर्यंत उत्तर अडवून ठेवायचं. २००८ मध्ये मायकल कार्टर आणि इयान हिक्सन यांच्या चर्चेतून दुतर्फा, कायम उघड्या राहणाऱ्या जोडणीची कल्पना आकाराला आली. क्रोमने ती लवकर उचलली. पण २०१० मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की वाटेतल्या काही प्रॉक्सी यंत्रांना फसवून त्यांच्या साठ्यात खोटा मजकूर घुसवता येतो. फायरफॉक्स आणि ऑपेरा यांनी ही सोय तात्पुरती बंद केली. डागडुजी होऊन डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ हे मानक निघालं. आजही तेच चालतं.

डागडुजीच्या खुणा नियमांत अजून दिसतात. ब्राउझरकडून येणारा प्रत्येक संदेश चार बाइटच्या यादृच्छिक किल्लीने झाकलेला असावा लागतो. सर्व्हरकडून जाणारा संदेश झाकायचा नसतो. गुप्ततेशी याचा काही संबंध नाही, कारण किल्ली संदेशासोबतच जाते. मधल्या भोळ्या यंत्राला तो मजकूर एचटीटीपीसारखा वाटू नये, एवढाच हेतू. सुरुवातीच्या हस्तांदोलनातही तसंच आहे. ब्राउझर एक यादृच्छिक किल्ली पाठवतो, सर्व्हर तिला ३६ अक्षरांची एक ठरलेली ओळ जोडतो, तिचा शा-१ ठसा काढतो आणि बेस-६४ मध्ये परत धाडतो. उत्तराचा क्रमांक १०१. समोरच्याला खरोखर वेबसॉकेट कळतं, तो चुकून ‘हो’ म्हणणारा कुणी भलताच नाही, इतकीच ही खात्री.

ही व्यवस्था किती काटकसरी आहे हे एका संदेशावरून दिसेल. कारध्याची पातळी २४५.६२ झाली, असं समजा. इंग्रजी आकड्यांत ही सहा अक्षरं होतात. सर्व्हर तारेवर टाकतो ते बाइट असे: १२९, ६, ५०, ५२, ५३, ४६, ५४, ५०. पहिला १२९ म्हणजे ‘हा मजकूर आहे आणि एवढ्यातच संपतो’. दुसरा ६ म्हणजे लांबी. उरलेले सहा म्हणजे आकडा आणि त्यातलं दशांशचिन्ह. एकूण आठ बाइट, बस. मजकूर १२५ बाइटपर्यंत असेल तर लांबीला एकच बाइट पुरतो, त्यापुढे दोन किंवा आठ बाइट जास्तीचे लागतात. (हाच आकडा देवनागरीत पाठवला तर यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक अंकाला तीन बाइट, म्हणजे मजकूरच सोळा बाइटचा. आकडे इंग्रजीत पाठवून पानावर देवनागरीत दाखवावेत, ते काम ब्राउझर आनंदाने करतो.)

इतकं सोपं आहे म्हटल्यावर सर्व्हर स्वतःच लिहावा असं वाटणं साहजिक आहे. पायथनमध्ये सॉकेट, हॅशलिब आणि बेस-६४ ही तिन्ही मॉड्यूल आयती असतात. शंभरेक ओळींत चालणारा सर्व्हर उभा राहतो आणि शिकण्यासाठी तो प्रत्येकाने एकदा लिहावा. पण लोकांसमोर ठेवू नये. एकच संदेश तुकड्यातुकड्यांनी येऊ शकतो, त्या तुकड्यांच्या मधे ‘पिंग’ येऊ शकतो, अर्धाच बाइट-समूह हाती पडू शकतो, एखादा भामटा लांबीच्या जागी अब्जावधीचा आकडा घालून तुमच्या मेमरीला हात घालू शकतो. शंभर ओळींच्या सर्व्हरमध्ये यातलं काही धरलेलं नसतं. बाहेरचं एकही अवलंबन नको, असा आग्रह असेल तर पायपीआयवर ‘वेबसॉकेट-सर्व्हर’ नावाचं छोटं पॅकेज आहे. वर्गात, प्रयोगशाळेत, घरातल्या यंत्रासाठी ते छान. ते प्रत्येक जोडणीला एक थ्रेड देतं, त्यामुळे गर्दी वाढली की त्याला दम लागतो.

थ्रेडचा हा प्रश्न जुना आहे. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी एकाच सर्व्हरवर दहा हजार गिऱ्हाइकं कशी सांभाळायची हा प्रश्न मांडला. उत्तर एकच निघालं: प्रत्येकाला थ्रेड देऊ नका, एका फेऱ्यात सगळ्यांकडे बघा आणि ज्याच्याकडे काम आहे त्याचंच करा. पायथनमध्ये ट्विस्टेडने हे फार आधी केलं होतं. २००९ मध्ये फेसबुकने फ्रेंडफीड विकत घेतलं आणि तिथला टॉर्नेडो खुला केला. जीइव्हेंटची वाट वेगळी होती, ती अजूनही काही ठिकाणी चालते. मग गिडो व्हॅन रॉसम यांच्या प्रस्तावातून एसिंकआयओ आलं, मार्च २०१४ च्या पायथन ३.४ मध्ये. २०१५ च्या ३.५ मध्ये ‘एसिंक’ आणि ‘अवेट’ हे शब्द भाषेतच दाखल झाले आणि हा प्रकार माणसाला वाचता येऊ लागला. त्याआधीचा कोड वाचणं म्हणजे शिक्षाच होती.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने कुठे जावं? एमरिक ऑगस्टिन यांची ‘वेबसॉकेट्स’ ही लायब्ररी, माझ्या मते निर्विवाद. २०१३ पासून ती चालू आहे, ती फक्त हेच एक काम करते आणि दस्तावेजात मेमरी, प्रसारण, तुटलेल्या जोडण्या यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. असा दस्तावेज फार थोड्या लायब्रऱ्यांना लाभतो. पानासोबत लॉगिन, डेटाबेस, पाच-दहा एपीआय असणार असतील तर फास्टएपीआय घ्या. त्याच्या खालचा युव्हिकॉर्न वेबसॉकेटसाठी बहुधा हीच लायब्ररी वापरतो, त्यामुळे फार काही गमावत नाही. एआयओएचटीटीपीही चांगलं. जँगो आधीच असेल तर चॅनल्स, पण सगळ्यांना एकदम संदेश पाठवायचा म्हटलं की सोबत रेडिस आलं आणि ‘हलका’ हा शब्द मागे पडला.

फ्लास्क-सॉकेटआयओबद्दल एक सावधगिरी. सॉकेट-डॉट-आयओ हा वेबसॉकेटच्या वर बांधलेला वेगळा करार आहे. ब्राउझरमधला साधा वेबसॉकेट त्याच्याशी बोलू शकत नाही, दोन्ही टोकांना त्याचीच लायब्ररी लागते. ‘जोडणी होते आणि लगेच तुटते’ ही तक्रार बरेचदा इथली असते.

आता मूळ मुद्दा. पुराची रात्र आहे, पान दीड-दोन हजार लोकांनी उघडलं आहे. बहुतेक मोबाइलवर, कित्येकांकडे वीज गेलेली, टॉवर बॅटरीवर, सिग्नल येतोय-जातोय. नवा आकडा आला की सर्व्हरने सगळ्यांना तो पाठवायचा. शिकाऊ माणूस सगळ्या जोडण्यांवरून लूप फिरवतो आणि प्रत्येकापाशी ‘अवेट’ करून पाठवतो. दहा जणांवर हे बिनबोभाट चालतं. हजारांत मात्र लाखांदूरकडच्या एखाद्या फोनचं नेटवर्क अडखळतं, त्याच्या वाट्याचा बफर भरतो, लूप त्याच्यापाशी थांबतो आणि त्याच्या मागचे नऊशे जण आकड्याविना बसतात. एकाच्या खोळंब्याने सगळा गाव खोळंबला. हे चाचणीत कधी दिसत नाही, कारण चाचणी ऑफिसच्या वायफायवर होते.

‘वेबसॉकेट्स’मध्ये यासाठी ‘ब्रॉडकास्ट’ हे वेगळं फंक्शन आहे. ते कुणासाठी थांबत नाही. प्रत्येकाच्या बफरमध्ये संदेश टाकून मोकळं होतं, मंद गिऱ्हाइकाचा बफर फुगत जातो आणि शेवटी पिंगला उत्तर आलं नाही म्हणून ती जोडणी बंद पडते. बहुतेक कामांना एवढं पुरतं. पण पाण्याच्या पातळीला याहून चांगली रीत आहे आणि ती त्या माहितीच्या स्वभावातूनच निघते. पातळीचा जुना आकडा कुणालाच नको असतो. दहा मिनिटं सिग्नलबाहेर राहिलेल्या माणसाला मधले चार आकडे रांगेने पाठवण्यात काय अर्थ? तेव्हा रांग ठेवूच नये. ताजा आकडा एकाच जागी ठेवावा, प्रत्येक जोडणीच्या कामाने ‘नवीन आलं का’ एवढीच वाट बघावी आणि जाग आली की त्या क्षणी असेल तो आकडा उचलून पाठवावा. वेगवान फोनला प्रत्येक बदल मिळतो, मंद फोनला मधले बदल गाळून शेवटचा. मेमरी कुणासाठीच वाढत नाही. एसिंकआयओची ‘कंडिशन’ ही सोय वापरून हे वीस-पंचवीस ओळींत बसतं.

सूचनांचं मात्र उलट. ‘विसर्ग वाढवत आहोत, नदीपात्रात उतरू नका’ ही ओळ गाळून चालणार नाही. तिला अनुक्रमांक द्यावा, शेवटच्या काही सूचना सर्व्हरपाशी ठेवाव्यात आणि पुन्हा जोडलेल्या ब्राउझरने ‘मला अमुक क्रमांकापर्यंत मिळालंय’ असं सांगितलं की उरलेल्या द्याव्यात. एकाच पाइपातून दोन स्वभावांची माहिती जाते हे न ओळखणं, ही अशा प्रकल्पांतली सगळ्यात मोठी चूक मला वाटते. लायब्ररी कुठली घेतली याला त्यापुढे फारसं महत्त्व नाही.

मेलेल्या जोडण्यांचा विषय वेगळा. फोनचा सिग्नल गेला तर तो ‘येतो’ म्हणून सांगून जात नाही. सर्व्हरच्या लेखी जोडणी जिवंतच असते. लिनक्समध्ये पाठवलेल्या डेटाची पोच आली नाही तर टीसीपी पंधरा मिनिटांच्या आसपास धडपडतं, मग हार मानतं. काही पाठवलंच नसेल तर त्याला पत्ताही लागत नाही, आणि टीसीपीचं स्वतःचं ‘कीपअलाइव्ह’ चालू केलं तरी त्याची नेहमीची मुदत दोन तासांची. म्हणून वेबसॉकेटच्या पातळीवरच पिंग लागतो. ‘वेबसॉकेट्स’ आपणहून दर वीस सेकंदांनी पिंग करते आणि वीस सेकंदांत उत्तर आलं नाही तर जोडणी तोडते. ब्राउझर पिंगला उत्तर आपोआप देतो, तिथे जावास्क्रिप्ट लिहावी लागत नाही. लिहावी लागते ती पुन्हा जोडण्याची. ब्राउझरचा वेबसॉकेट तुटला की तुटला, तो स्वतःहून परत येत नाही. पुन्हा प्रयत्न करताना वाट बघण्याचा काळ वाढवत न्यावा आणि त्यात थोडी यादृच्छिकता घालावी. नाहीतर सर्व्हर एकदा बंद-चालू केला की दोन हजार फोन एकाच सेकंदाला दारात उभे राहतात आणि तो पुन्हा झोपतो.

एसिंकआयओचा आणखी एक खड्डा, यात अनुभवीही पडतात. सगळं एका फेऱ्यावर चालतं, त्यामुळे एका ठिकाणी ‘टाइम-डॉट-स्लीप’ घातलं किंवा सेन्सरच्या सिरियल पोर्टवरून थांबून वाचलं की सगळ्यांचंच घड्याळ बंद. असं वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये ढकलावं. पायथन ३.९ पासून त्यासाठी ‘टू-थ्रेड’ ही सोपी सोय आहे.

बाकी व्यवस्थेच्या बाबी भरभर सांगतो. आठ बाइटच्या संदेशाला कॉम्प्रेशनचा काडीचा उपयोग नाही, उलट प्रत्येक जोडणीमागे मेमरी जाते, ते बंद करावं. लिनक्स एका प्रोसेसला सहसा १०२४ फाइल्स उघडू देतं आणि प्रत्येक जोडणी ही फाइलच धरली जाते. हजाराच्या आसपास सर्व्हर अचानक नवे लोक घेईनासा झाला तर आधी तिथे बघा, सिस्टमडीच्या फाइलीत ती मर्यादा एका ओळीने वाढते. पुढे एनजिनएक्स ठेवला तर ‘अपग्रेड’ हेडर पुढे पाठवायला त्याला मुद्दाम सांगावं लागतं, आणि साठ सेकंद काहीच हललं नाही तर तो जोडणी कापतो. वीस सेकंदांचा पिंग असेल तर ही वेळ येत नाही. पान एचटीटीपीएसवर असेल तर साधा वेबसॉकेट ब्राउझर चालूच देत नाही, सुरक्षित जोडणीच लागते. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. एका प्रोसेसला काही हजार निवांत जोडण्या जड नाहीत. जिल्ह्याच्या पानाला चार प्रोसेस आणि त्यांच्यात संदेश वाटायला रेडिस, हा थाट नको.

मात्र एक प्रश्न बहुतेकांकडून शेवटी विचारला जातो, खरं तर तो आधी विचारायला हवा. इथे वेबसॉकेट लागतो का? पाहणाऱ्याला सर्व्हरकडे काही पाठवायचंच नाही. माहिती एकाच दिशेने वाहते. त्यासाठी ‘सर्व्हर-सेंट इव्हेंट्स’ हा साधा मार्ग आहे. एचटीटीपीचंच न संपणारं उत्तर, त्यात एकेक ओळ येत राहते. तुटलं तर ब्राउझर स्वतः पुन्हा जोडतो आणि शेवटी मिळालेल्या संदेशाचा क्रमांकही सांगतो. म्हणजे वर सूचनांसाठी जी यातायात सांगितली ती इथे आयती. मंद गिऱ्हाइकाचा प्रश्न इथेही तसाच राहतो, पण हस्तांदोलन, झाकणं, अपग्रेड हे सगळं टळतं. नुसत्या पातळीच्या पानासाठी मी हाच मार्ग घेईन. वेबसॉकेट तेव्हा घ्यावा जेव्हा समोरून काही यायचं असतं. पाहणाऱ्याने ‘मला फक्त पवनी आणि गोसीखुर्द दाखवा’ अशी निवड वारंवार बदलायची असेल, किंवा गावोगावचे कोतवाल आपल्याकडचं पाणी कळवणार असतील, तर. शेअर बाजाराचं उदाहरण बघण्यासारखं आहे. झिरोधाच्या काइट कनेक्टवर गिऱ्हाईक आपल्याला हव्या त्या शेअर्सची यादी पाठवतं आणि भाव बायनरी स्वरूपात सतत येत राहतात. तिथे वेबसॉकेटची जागा पक्की आहे.

पुलावरच्या सेन्सरपासून सर्व्हरपर्यंतचा टप्पा तर आणखी वेगळा. तिथे एमक्यूटीटी हा करार बरा. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांची मोजमापं उपग्रहामार्गे आणण्यासाठी तो घडवला, म्हणजे तुटक आणि महाग जोडणी हाच त्याचा जन्मप्रसंग. गंमत अशी की मॉस्किटो हा एमक्यूटीटीचा फुकट मिळणारा सर्व्हर ब्राउझरशी वेबसॉकेटवरून थेट बोलू शकतो. मग पायथनचा सर्व्हर लिहायचं कामच उरत नाही. हे ऐकून पोरं थोडी हिरमुसतात.

सुरक्षेचा भाग तांत्रिक कमी आणि जबाबदारीचा जास्त. कुठल्या संकेतस्थळावरून जोडणी आली हे ‘ओरिजिन’ हेडरवरून सर्व्हरने स्वतः तपासायचं असतं, ब्राउझर इथे नेहमीसारखा आडवा येत नाही. आकडा टाकणाऱ्याची वाट वेगळी ठेवावी, तिला गुप्त किल्ली असावी. पाहणाऱ्याच्या वाटेवरून आलेलं काहीही वाचू नये आणि संदेशाची कमाल लांबी काही शे बाइटवर बांधून टाकावी. लायब्ररीची नेहमीची मर्यादा एक मेगाबाइट आहे, या कामाला ती फारच उदार झाली. पानावर ‘अधिकृत’ हा शब्द घालू नये. आकडा कुठून घेतला ते नावानिशी लिहावं.

आणि प्रत्येक आकड्यासोबत तो मोजल्याची वेळ जावी. पाठवल्याची वेळ चालत नाही. सर्व्हर ठणठणीत, जोडणी हिरवी, पिंगला उत्तर वेळेवर आणि सेन्सर मात्र दोन तासांपूर्वी पाण्याखाली गेलेला, असं होऊ शकतं. तेव्हा पान २४५.६२ दाखवत राहील आणि लोक त्यावर विश्वास ठेवून झोपतील. म्हणून मोजणी ठरल्या अंतरापेक्षा जुनी झाली की ब्राउझरनेच आकडा करडा करावा आणि वर ठळक लिहावं, ‘ही पातळी दुपारी २.१० ची आहे, त्यानंतर माहिती आलेली नाही’. ही तपासणी फोनच्या घड्याळावर सोडू नये, कित्येक फोनची घड्याळं चुकलेली असतात. जोडणी होताना सर्व्हरने आपली वेळ एकदा सांगावी आणि पानाने तिथून पुढे मोजावं. सर्व्हरच गेला तरी पानातली ही मोजणी चालूच राहते, त्यामुळे करडा रंग यायला कुणाच्या संदेशाची वाट बघावी लागत नाही.